वैशाखातली ऊब

महारुद्र हे नाव ऐकून अनोळखी माणूस आधी जरा बिचकतो, आणि प्रत्यक्ष बघितल्यावर हसू दाबतो. अंगकाठी तुराटीसारखी वाळकी, आवाज मात्र लग्नातल्या बँडचा. चुडाव्याहून थोडं आत आमचं गाव आहे. गावात एखादी गोष्ट माहीत नसलेला माणूस शोधायला गेलात तर महारुद्र सोडून कुणीही सापडेल. त्याला सगळं माहीत असतं. बरंचसं कालच माहीत झालेलं असतं, फोनवर.

यंदा चैत्र सरताना त्याला कळलं की, गावरान कोंबडी हे शेतकऱ्याचं भविष्य आहे. पिल्लं यायच्या आधीच त्यानं 'महारुद्र कुक्कुटपालन प्रकल्प' अशी पाटी रंगवून घेतली. पाटीवर कोंबडा हवा होता. रंगाऱ्यानं मोर काढला, कारण त्याला तेवढाच येत होता. महारुद्र म्हणाला, "चालतंय. पक्षी हाय ना!"

मग खोक्यातून पिल्लं आली, नुकत्याच फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखी. घरामागं कडुलिंबाची दाट सावली होती. पण तिथं पाटी रस्त्यावरून दिसेना, म्हणून जाळी मारली ती भर अंगणात. वर पत्रा टाकला आणि पत्र्याखाली एक भला मोठा पिवळा बल्ब लोंबता ठेवला.

त्याची बायको राजेश्री धुणं वाळत घालायला बाहेर आली आणि जागीच थांबली.

"अवो, बाहीर आग पडायलीय अन् तुमी आत बल्ब लावायलाव?"

"पिल्लाला आईची ऊब लागती. शास्त्र हाय ते. तुला काय कळतंय त्यातलं?" महारुद्रनं फोन तिच्यापुढं धरला. "बघ, ह्यो माणूस काय सांगायलाय."

राजेश्रीनं नीट बघितलं. म्हणाली, "त्या माणसानं स्वेटर घातलंय."

महारुद्रनं फोन खिशात टाकला. माणसाचे कपडे बघायचे नसतात, विचार बघायचे असतात, असं काहीतरी तो म्हणाला.

दुपारी पारा चव्वेचाळीसच्या वर गेला. रस्त्यावर कुत्रं दिसेना. पिल्लं चोची वासून, पंख फाकवून उभी राहिली. शेजारचा मुंजाजी जाळीशी वाकून बघत होता. मुंजाजीचा स्वभाव असा की, महारुद्र जे म्हणेल त्याला मान हलवायची आणि चहा प्यायचा.

"तोंडं उघडी का हो यांची?" त्यानं विचारलं.

"वाढायलेत. वाढीला हवा लय लागती."

मुंजाजीनं मान हलवली. तेवढ्यात एक पिल्लू आडवं झालं. मग त्याच्या बाजूचं. महारुद्रनं आधी फोन काढला, पण पुढचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला, उघडेचना. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, अगं आई!" असं तो ओरडला, आणि आतून सुमनबाई, त्याची आई, धावत आल्या.

सुमनबाईंचा जीव मोठा कळवळ्याचा. त्यांनी फ्रीजमधली गार बाटली आणली आणि पिल्लांवर सरळ ओतली. भाजणारी पिल्लं आता थंडीनं कुडकुडू लागली. मग त्यांनी मीठमोहऱ्या आणून दृष्ट काढली आणि धूर केला. राजेश्रीनं पाण्याचं भरलेलं घमेलं आत सरकवलं, तर तहानलेली पिल्लं त्यात उतरली आणि बुडू लागली. थोडक्यात सांगायचं तर, घरातल्या प्रत्येकानं जमेल तशी मदत केली. वर बल्ब चालूच होता. तो काढायचं कुणाला सुचलं नाही.

पिल्लांचं नशीब की, तेवढ्यात लाईट गेली.

सगळं गाव शिव्या घालत ओट्यावर आलं. एका महारुद्रच्या जाळीत जरा शांतता झाली. राजेश्रीनं जगलेली पिल्लं पदरात गोळा केली आणि लिंबाखाली नेली. महारुद्रनं लोंबता बल्ब काढून ठेवला. मग त्यानं मेलेली पिल्लं एकेक करून टोपलीत घेतली, मळ्याच्या बांधाशी नेली आणि खड्डा करून पुरली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले. कुणाला काही सांगितलं नाही, फोटो काढला नाही. त्याच्या आयुष्यात न गाजवता झालेलं हे बहुधा पहिलंच काम.

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्रा काढला. जाळी लिंबाखाली हलवली, वर तुराट्या आणि उसाचं पाचट टाकलं, बाजूंना गोणपाट बांधून भिजवलं. घमेल्याऐवजी मातीची उथळ परळं ठेवली आणि पिल्लू बुडू नये म्हणून त्यात खडे टाकले. सगळा वैशाख तो डोक्यावर ओला टॉवेल घेऊन तिथं बसून राहिला. गोणपाट वाळलं की शिंपायचा, कावळे हाकायचा. घार दिसली की त्याच्या तोंडून कोंबडीसारखाच आवाज निघायचा. घरामागून जाणारे-येणारे विचारायचे, "काय महारुद्र, अंडी कवा देतूस?" तो उत्तर द्यायचा नाही. पिल्लं मात्र त्याच्या पायावर चढून झोपायची.

इथं थांबला असता तर माणूस सुधारला असं म्हणता आलं असतं. पण पिल्लांना पिसं फुटली आणि महारुद्रला पुन्हा कंठ फुटला. त्यानं स्वतःचा व्हिडिओ टाकला: 'भर उन्हाळ्यात पिल्लं कशी जगवावी'. तो पुष्कळांनी बघितला. गंगाखेडकडच्या एका गावातल्या बचत गटानं त्याला व्याख्यानाला बोलावलं. तो इस्त्रीचे कपडे घालून निघाला. राजेश्री म्हणाली, "मी बी येते."

व्याख्यान जोरात झालं. शेवटी शिवकन्या नावाच्या बाईनं उठून विचारलं, "भाऊ, तुमची किती पिल्लं मेली?"

"एकबी न्हाई," महारुद्र म्हणाला.

मागून, बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "खोटं बोलायलेत! अर्धी मेली. बल्ब लावला हुता यांनी, वैशाखात!"

मंडपात हशा पिकला. महारुद्र लालबुंद झाला, पाणी प्याला, आणि पळायला जागा नाही म्हणून खरं सांगू लागला: बल्ब, स्वेटर, आईची बाटली, घमेलं. बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. पण काय करायचं नाही, ते त्यांना पक्कं कळलं. बांधावरच्या खड्ड्याचं सांगताना मात्र त्याचा तो बँडचा आवाज खाली बसला.

परतीच्या गाडीत महारुद्र खिडकीबाहेर बघत बसला. पिंगळी स्टेशन मागं पडलं तेव्हा तो म्हणाला, "तू मधी बोलायला नको हुतं."

"तुमी खोटं बोलायला नको हुतं." जरा थांबून ती म्हणाली, "पर बल्बाचं लय चांगलं सांगितलाव. माणसं ऐकायली हुती."

"खरंच?"

"मंग काय!"

पूर्णेला गाडी बदलायची होती. राजेश्री नळावरून पाणी घेऊन आली, तर महारुद्र चहाच्या टपरीपाशी एका अनोळखी प्रवाशाला धरून उभा होता. "प्रयोग म्हणून मुद्दाम लावले हुते मी," तो सांगत होता, "दोन हॅलोजन."