झालं म्हणणारा माणूस

ऑफिसात त्याला सगळे थांबेबुवा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि त्याला राग यायच्या ऐवजी त्याची छाती फुगायची. कंपनी मोबाइलची अ‍ॅप बनवणारी आणि हा तिथल्या चाचणी विभागाचा मुख्य. नवं अ‍ॅप लोकांच्या हातात जाण्याआधी एक यंत्र ते चालवून बघतं. हे बटण दाब, ते पान उघड, इथे नाव लिही. यंत्राला डोळे नसतात आणि दम तर मुळीच नसतो. पान धड उमटलेलं नसतं तोवर हे आपलं बटण दाबून मोकळं! तेवढ्यात वरून एखादं चित्र येतं, बटण खाली सरकतं, आणि "पुढे जा"च्या जागी "रद्द करा" दाबलं जातं. मग चांगलं अ‍ॅप नापास होतं आणि दोन विभागांत भांडणं लागतात. म्हणून यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं, की बाबा रे, आता पडद्यावर सगळं आलं, आता लाव हात.

हे "झालं" नेमकं कधी म्हणायचं, ही थांबेबुवाची विद्या होती.

त्याच्या आधी तिथली पोरं प्रत्येक पायरीला सरसकट पाच सेकंद थांबायला लावत. बुवा त्यांच्यावर खेकसायचा. "आणि पाच सेकंदांत नाही आलं तर? आणि एका सेकंदात आलं तर बाकीचे चार काय माशा मारायच्या?" त्याने रीत बसवली. पडद्याचे लागोपाठ फोटो घ्यायचे. दोन फोटो हुबेहूब सारखे निघाले, की हालचाल थांबली असं समजायचं. पण तेवढ्यावर भुलायचं नाही. कधीकधी पान अर्ध्यातच थिजतं. मजकुराच्या जागा अडवून बसलेले करडे ठोकळे तेवढे दिसतात, खरा मजकूर लांबच्या सर्व्हरकडून अजून वाटेत असतो. दोन्ही फोटो सारखे, पण दोन्हीत ठोकळेच! म्हणून अ‍ॅपने काही मागवलंय आणि ते यायचं राहिलंय का, हेही विचारायचं. यायचं काही नाही आणि हलतही काही नाही, तरच झालं.

"शांत दिसतंय म्हणजे संपलं असं नसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. साहेब मागे उभा राहून पाय आपटायचा, "बुवा, सोडायचं का?" आणि हा मान न वळवता म्हणायचा, "थांबा." साहेब थांबायचा. एवढी पत होती.

आता त्याच्या घरी चला.

घर त्याच्या वडिलांचं. अण्णा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. काय आवाज होता माणसाचा! कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, वाटेत कुठे कुठे थांबणार, हे सगळं एका दमात, अडखळणं म्हणून नाही. निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली.

जीभ जड झाली म्हणजे शब्द गेले असं नव्हे. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "ह्यांना सगळं कळतं. वाक्य आत तयार असतं, बाहेर यायला वेळ लागतो. फक्त 'हो' तेवढं लगेच येतं, काहीही विचारा. ते खरं धरू नका. त्याच्यानंतर जे येईल ते खरं."

आईने हे असं उचललं, की जणू जन्मभर तेच करत आली होती. "चहा टाकू?" अण्णा म्हणायचे, "हो." आई पातेल्याला हात लावायची नाही, नुसती उभी राहायची. अण्णांचा जबडा हलत राहायचा, डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर टिचक्या मारत राहायचं, आणि मग सावकाश यायचं, "नको... पाणी." तिनेच लेकाला खूण दाखवली होती. "ते बोट बघ. ते हलतंय तोवर त्यांचं बोलणं संपलेलं नाही, समजलास?" समजला की! असल्या गोष्टी त्याला नाही समजणार तर कुणाला?

मग आई गेली. आता अण्णांशी बोलायचं तर ह्यानेच बोलायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर यंत्रासाठी श्वास रोखून बसणारा माणूस घरी बापासाठी क्षणभर थांबेना. "अण्णा, जेवण पुरे ना?" "हो." उचललं ताट. "अण्णा, पंखा बंद करू?" "हो." केला बंद. अण्णा उकाड्यात बसलेले, बोट हलतंय, जबडा हलतोय, आणि हा पुढच्या खोलीत फोनमध्ये डोकं घालून. वाक्य पुरं व्हायचं तेव्हा समोर भिंत असायची.

त्याची बायको निदान तोंडावर बोलायची. "मला जमत नाही. मी माझ्या सख्ख्या बापाचं एवढं ऐकून घेतलं नाही." त्याला तिचा राग यायचा, कारण ती त्याच्याच मनातलं बोलायची.

लांबच्या गावी धाकटी बहीण होती. भाड्याच्या दोन खोल्यांत सासूसासऱ्यांसकट राहायची. रोज फोन करायची आणि अण्णा एक वाक्य पुरं करेपर्यंत कानाला फोन लावून बसायची. तिला मोठं घर मिळायचं होतं. "दादा, घर बदललं की मी अण्णांना नेते. तोवर त्यांना कुठे हलवू नकोस. ते घर सोडून ते जगायचे नाहीत रे. थोडं थांब."

"बघू," तो म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने वृद्धाश्रमात फोन लावला.

व्यवस्थापक स्वतः घरी आले. सभ्य, वयस्कर गृहस्थ. चपला दाराबाहेर काढल्या, अण्णांसमोर खुर्ची ओढून बसले आणि आधीच म्हणाले, "आमचा एक नियम आहे. मनाविरुद्ध आणलेलं माणूस आम्ही ठेवून घेत नाही. आजोबांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं."

"विचारा ना," तो म्हणाला.

"आजोबा, आमच्याकडे राहायला यायचंय तुम्हाला?"

"हो," अण्णा म्हणाले.

व्यवस्थापक हसले. पण अण्णा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. जबडा हलायला लागला. दांड्यावर बोट सुरू झालं, टक, टक, टक. इतक्या जोरात हलताना त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. भला माणूस तो व्यवस्थापक, त्याला काहीतरी जाणवलं. तो ह्याच्याकडे वळला.

"झालं का त्यांचं बोलून? का अजून काही म्हणायचंय त्यांना? मला नाही कळत. तुम्ही रोज बघता, तुम्हीच सांगा."

अहो, ज्या प्रश्नाचं उत्तर देऊन हा पगार घेत होता, तोच प्रश्न! आख्ख्या ऑफिसात एक ह्याच्याच शब्दाला किंमत होती. त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे पाहिलं. नीट पाहिलं. चुकून नाही, घाईत नाही, अनवधानाने तर नाहीच.

"झालं," तो म्हणाला.

व्यवस्थापक उठले. हा त्यांना सोडायला दारापर्यंत गेला, जिन्यापर्यंत गेला, कधी आणायचं, किती कपडे द्यायचे, सगळं विचारून परत आला. अण्णा अजून रिकाम्या खुर्चीकडे बघत बोलत होते. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"हो... आपोआप... येतं. ते... धरू नका. मला... इथंच... राहायचंय."

पुरं वाक्य. झटक्यानंतरचं सगळ्यात लांब. बोट थांबलं होतं.

"अण्णा, गेले हो ते," तो म्हणाला आणि त्याने ती खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आश्रमाचे व्यवस्थापक येऊन गेल्याचं तिला वहिनीकडून कळलं होतं. "अण्णा काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही."

"दादा, तू थांबला होतास ना?" तिने विचारलं. त्याने फोन ठेवला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला नाही.

अण्णांना पोचवायला तो गेला. कपडे दिले, औषधं दिली, कुठली गोळी कधी, ते नीट समजावलं. त्यांच्या बोलण्याबद्दल तेवढं सांगायचं टाळलं. सांगायला काय जात होतं? "पहिलं 'हो' धरू नका, जरा थांबा," एवढंच की! पण ते सांगितलं असतं तर व्यवस्थापक तिथल्या तिथे ओळखून चुकले असते, की त्या दिवशीचं "हो"ही धरायचं नव्हतं. त्याने मूग गिळले आणि गाडीत बसला.

पुढे आठवड्याला एकदा तो फोन करायचा. तिथली सेविका उचलायची, बोलायला मोकळी आणि मनाने चांगली.

"तुमच्या वडलांचा काही म्हणजे काही त्रास नाही हो! बाकीचे म्हातारे नुसते जीव खातात. हे आपले गुणी. 'आजोबा, पोट भरलं?' विचारलं की 'हो'. की उचललं ताट. 'पांघरूण काढू?' 'हो'. की काढलं. कश्शाला म्हणून नाही म्हणत नाहीत. थोडे वाळलेत, पण ह्या वयात माणूस वाळतंच."

त्याच्या तोंडात वाक्य आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. बाईला फक्त थांबायला सांगायचं होतं.

"बरं," तो म्हणाला. "त्यांना काही लागलं तर कळवा."

"छे हो, काय लागणार त्यांना? मी रोज विचारते ना, 'आजोबा, सगळं ठीक आहे?' म्हणून."