काळीज तोंडात येण्याचा सराव

मी मॅट्रिकला असताना बाबांनी सीताबर्डीच्या बाजारातून इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक आणलं. त्यात दचकण्या-घाबरण्याचं एक अख्खं प्रकरण होतं आणि बाबांचा जीव नेमका त्याच्यावरच जडला. ते नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात बॉयलरवर कामाला होते. पाळीवरून आले की चोरपावलांनी माझ्या मागे उभे राहायचे आणि रिकामा डबा धाडकन जमिनीवर आपटायचे. मी ताबडतोब म्हणायचं, 'माय हार्ट वॉज इन माय माउथ.' माझ्या तोंडून दर वेळी निघायचं, "अव माय!"

"नापास! उद्या पुन्हा," बाबा म्हणायचे.

आई वैतागायची. "काळीज तोंडात येते म्हणे! आपलं तर जागच्या जागी धस्स होते. काहून भेव दाखवून राहिले पोरीले?"

खरं तर केंद्राला लागून असलेल्या आमच्या कॉलनीत कोणी दचकतच नसे. केंद्रातून जादा वाफ सोडली की त्या आवाजाने घरातली भांडी थरथरायची, पण कणीक मळणारा हात थांबायचा नाही. रोज मरे त्याला कोण रडे! पाहुणे घाबरले की मात्र आम्ही पोट धरून हसायचो.

रामटेककडची मावशी आली होती, त्या सकाळी तसाच आवाज झाला. मावशीच्या हातून सूप सुटलं, तांदूळ अंगणभर झाले.

"काहीतरी झालं वं बाई! कोणाले तरी पाठव पाहाले."

"भेऊ नको वं, वाफ सोडून राहिले," आई हसत तांदूळ गोळा करू लागली. मी तर मावशीला ते इंग्रजी वाक्य शिकवायलाच बसले.

त्या दिवशी कोणी वाफ सोडली नव्हती. पाइप फुटला होता आणि बाबा त्याच्या समोर होते.

दुपारी त्यांचा सोबती डबा घेऊन आला. डबा भरलेलाच होता. त्याने तो इतक्या हळू खाली ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. आम्ही काय ते समजलो.

मावशी पुढे कधीच 'मी म्हटलं होतं' असं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्या आवाजाला आम्ही हसलो, हे मला अजून सहन होत नाही.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले. वर्गाचं दार आपटलं की ते वाक्य आपसूक तोंडातून निघतं, एकही चूक नाही. पास करायला बाबा नाहीत.