धाकट्या जावेचा उपास

माझी धाकटी जाऊ वाफेच्या इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी राहिली की मी तिच्याकडे बघत बसायची. कौतुकाने नाही, संशयाने.

लाँड्रीत आम्ही दोघी कामाला होतो. मी खिडकीशी बसून उशांच्या फाटक्या अभ्र्यांना टाके घालायची. ती इस्पितळाच्या चादरी मोठ्या इस्त्रीखालून काढायची. मनगट असं काही वळवायची की चादरीला एक सुरकुती राहायची नाही. दीर गेल्यापासून तिचं घर त्या यंत्रावरच चालत होतं. आणि मालकीणबाईंचा नियम पक्का, साठी झाली की यंत्र सोडायचं. पूर्वी एक बाई चक्कर येऊन यंत्राच्या तापलेल्या पत्र्यावर पडली होती, तेव्हापासूनचा. यंत्र सुटलं की घरी. कपडे पिळायचं काम पुरुषांकडे, बसून करायचं काम एकच, त्यावर मी आधीच ठाण मांडलेलं.

वयाचे कागद तिथे कुणी मागत नसे. पण ईस्टरआधीचा उपासकाळ आला की कागद हवेत कशाला? राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला आम्ही कॅथलिक माणसं एकदाच पोटभर जेवतो, बाकी दोन वेळा नावापुरता घास. साठीला टेकलं की चर्चच या उपासातून मोकळं करतं. म्हणून त्या दोन दिवशी मालकीणबाई स्वतः उपासातून सुटलेल्यांसाठी चहा-पाव घेऊन फिरायच्या. कप कुणी उचलला, ते सगळी लाँड्री बघायची. वर्षभर केस काळे करा, ताठ चाला, त्या दोन दिवशी वय चव्हाट्यावर. मी पहिल्यांदा कप घेतला तेव्हा कपडे पिळणारा म्हातारा म्हणाला, "आलात का आमच्या पंगतीत, आजी?" चहात साखर होती, तरी कडू लागला.

जाऊ कपाला हात लावायची नाही. म्हणायची, माझं कुठलं एवढं नशीब, मी जाऊबाईंपेक्षा लहान. किती सोसते बिचारी, असं सगळे म्हणायचे. मला मात्र खटकायचं. उपाशी माणसाचे ओठ सुकतात, हिचे कधी सुकले नाहीत. एप्रनचा खिसा फुगलेला, आणि जरा वेळ गेला की बाई वाळत घातलेल्या चादरींमागे. उपासाचं कौतुकही घ्यायचं आणि आड जाऊन गालही भरायचे, असं मी मनाशी धरलं.

गुड फ्रायडे असला तरी इस्पितळाच्या चादरींना सुट्टी नसते. ती आड गेली तशी मी सुई टोचून ठेवली आणि मागोमाग गेले. तिच्या तोंडात पाव.

"उपास ना गं तुझा?"

तिने घास शांतपणे गिळला. "माझा तुमच्याआधीच सुटलाय, जाऊबाई."

डोक्यात शिरायला मला वेळ लागला. लग्न जमवताना माहेरच्यांनी वय चोरलं होतं म्हणे, मग तेच चालत राहिलं. इतकी वर्षं मी हिला अगं-तुगं करत भांडी घासायला लावली, आणि ही मोठी असून मला अहो-जाहो करत राहिली.

तेवढ्यात चादर सरकली. मालकीणबाई. त्यांची नजर जावेच्या ओठावरच्या कणीवर खिळली. तिच्या वयाचा संशय त्यांनाही जुनाच असावा.

"खाल्लंस? खरं सांग, वय काय तुझं?"

"वयाचं काय घेऊन बसलात बाई," जाऊ म्हणाली. "भूक सोसवेना, मोडला उपास."

बाई माझ्याकडे वळल्या. असल्या दिवशी खोटं बोलवेना, आणि खरं बोलले तर हिची चूल बंद. मी कंबरेवर हात ठेवले.

"लाज नाही वाटत? आजच्या दिवशी? चोरून खाणं शोभतं तुला?"

खोटा शब्द त्यात एकही नव्हता. मी असं काही तोंड सोडलं की शेवटी मालकीणबाईच कंटाळल्या. पुरे करा, फादरकडे पापनिवेदनाला धाडा तिला, म्हणाल्या आणि निघून गेल्या.

चर्चच्या वाटेवर मी विचारलं, फादरना काय सांगणार? म्हणाली, उपास मोडला असं खोटं बोलले, ते सांगेन.

"आणि वय?"

"ते फादरनी कुठे विचारलंय?"

किती वर्षांनी मोठी, ते मलाही तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची खिडकीतून उचलून तिच्या यंत्राला खेटून मांडली. चक्कर आलीच तर धरायला कुणी हवं. लाँड्रीत सगळे म्हणायचे, थोरली आता धाकटीच्या घासावर पाळत ठेवून आहे. तेही काही अगदीच खोटं नव्हतं.