चुलीवरचा आळ

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, तेव्हा अमळनेरहून माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, नानांचा फोन आला. "अक्का गेली," एवढंच म्हणाले... मी पिंप्राळ्यात स्वयंपाकघरात पिठाच्या हातांनी बसून राहिले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

अक्का चुलीवर पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेल्या मांड्यांसाठी नावाजलेली. पुरणाचा मांडा कोपरापर्यंत हातांवर झुलवत ती असा मोठा करायची, की बघणाऱ्याचाच जीव खालीवर व्हायचा. संधिवाताने बोटं वाकली, तरी मनगटांवर निभावून न्यायची. मग खोकला लागला, कोरडा आणि हटवादी. बोटांसाठी धुळ्याचे डॉक्टर, छातीसाठी जळगावचे. दोघांची एकमेकांशी गाठ नाही. घरीदारी मात्र एकच निदान: चुलीचा धूर! नानांनी मायेपोटीच चूल उखडली, खापर माळ्यावर टाकलं. अक्का त्या दिवशी जेवली नाही. "माले मनाच घरमा पाहुणी करी टाकं," म्हणाली.

चूल गेली, खोकला राहिला. ओसरीवरून मोरीपर्यंत जातानाही ती मध्येच भिंतीला टेकायची. शेवटी जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी नळीने फुप्फुसात मिठाचं पाणी सोडलं, परत ओढून घेतलं आणि तपासायला पाठवलं. शरीराची राखण करणारी प्रथिनंच त्या पाण्यात एकमेकांत गुंतलेली सापडली; राखण सोडून ती शरीरावरच उलटली होती. ज्या आजाराने सांधे खाल्ले, तोच फुप्फुसांत उतरला होता. धुराचं हे काम नव्हतं. उशीर झालाय, हेही बाईंनी सांगितलं.

"म्हंजे घरनाच मानसे घर पाडी राह्यनात," अक्का म्हणाली. मग नानांकडे न बघता, "मंग मनी चूल का बरं मोडी?"

घरी येताच नानांनी स्वतःच्या हातांनी चूल मांडली, पण तोवर अक्काला उठून बसवतही नव्हतं.

परवा अमळनेरला, अक्काच्या घरी आखाजी झाली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि निखाऱ्यांवर तूप-घास ठेवून आगारी टाकतात. मांडे विकतचे आणले होते. नानांनी त्या नव्या चुलीतले निखारे काढले, त्यांवर मांड्याचा तुकडा ठेवला. धूर दाटला... अक्काची सून सवयीने खिडकी उघडायला धावली.

"राहू दे, माय," नाना म्हणाले. "आते तिले काय व्हई?"

धूर घरभर झाला. आम्ही सगळे त्यातच बसून राहिलो.