खोबऱ्याची कड तपासणारे काका

आमच्या चौलमध्ये नारळाकडे संशयाने पाहणारा एकच माणूस आहे, आणि तो नारळाच्या वाडीतच राहतो. हे आमचे शेजारचे काका. वाड्यांना पाणी देणारे पंप दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पंप बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो, असं ते सांगतात, आणि माणसाचंही तेच, असंही सांगतात. त्यामुळे कुणी नुसतं "बरं आहे ना?" विचारलं तरी ते मान तिरकी करून जरा वेळ ऐकत राहतात. काका देव मानत नाहीत. काकू दत्ताच्या एवढ्या भक्त, की गुरुवारी त्या घरात मोठ्याने बोलायची चोरी. जुई जन्मली तेव्हा दोघांत करार झाला, की पोरगी अठरा वर्षांची झाली की तिचं ती ठरवेल. तोवर तिला कुणी आपल्या बाजूला ओढायचं नाही. काकूंनी दत्तमहाराजांची शपथ घेतली. काकांना शपथ घ्यायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी पान्यांच्या पेटीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून समोरचा करार पाळतोय यावर दोघांचाही काडीचा विश्वास नाही. जुई बाहेरून आली की काका तिच्या केसांचा वास घेतात, धूप लागला का ते बघायला. मनगटं उलटसुलट करून दोरा शोधतात. खोबऱ्याच्या बाबतीत तर त्यांचं शास्त्रच आहे. घरचा नारळ कोयत्याने फुटतो, त्याची कड सरळ येते. देवळातला दगडावर आपटतात, त्याची कड वेडीवाकडी. एकदा काकूंनी कोयता सापडेना म्हणून नारळ पायरीवर आपटला, तर काकांनी त्या वाकड्या कडेवर बोट फिरवलं आणि दोन दिवस सोलकढीला हात लावला नाही. काकूही काही कमी नाहीत. काका जुईला अंगणात चंद्र दाखवायला लागले, की त्या सूप घेऊन बाहेर येतात आणि पाखडायला काही नसताना पाखडत बसतात. "पोरीला चांदोबा म्हणू देत न्हाईत," त्या मला म्हणाल्या, "खडक हाय म्हणे! ही ओढाओढी नाय तर काय गो?"

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून जुईचा अभ्यास माझ्याकडे आला, आणि अभ्यासासोबत हेरगिरीही. "तू सायन्सची. जुई काय काय बोलते त्यावर लक्ष ठेव," असं काका कुंपणावरून सांगत. काकू भाजीची वाटी द्यायला येत आणि तेच सांगत. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. मी दोघांनाही "हो" म्हटलं होतं, आणि दोघांनाही माझा संशय येत होता.

मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरली त्या आठवड्यातली गोष्ट. जुई आमच्या ओटीवर पाढे लिहीत होती आणि तिच्या दप्तरातून मुंग्यांची रांग निघाली होती. मी दप्तर उघडलं. तळाशी वहीच्या कागदांत बांधलेल्या सात-आठ पुड्या होत्या. अर्धा पेढा, चिक्की, बुरशी आलेलं खोबरं, साधं बिस्किटसुद्धा.

"हे काय गो?"

"कुणी काय दिलं, की ते देवाचं की नुसतं, ते मला कळत नाही," ती म्हणाली. "खाल्लं तर बाबा रागावतील. टाकलं तर आई रडेल. म्हणून मी ठेवते."

"मग मधल्या सुट्टीत खातेस काय?"

"पाणी पिते."

तिला आठवं वर्ष चालू होतं. तेवढ्यात काका तिला न्यायला आले. दप्तर झाकावं असं मला एकदा वाटलं. पण मी ते त्यांच्यापुढे सरकवलं आणि तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काकांनी सवयीने खोबऱ्याचा तुकडा उचलला, कडेवर बोट ठेवलं आणि सहज जुईकडे पाहिलं. ती श्वास रोखून त्यांच्या बोटाकडे बघत होती. काकांनी तुकडा खाली ठेवला. मग ओटीवरूनच काकूंना हाक मारली.

काकू येता येताच म्हणाल्या, "मी कायपन दिलेलं न्हाय हां!"

"तुला कोण विचारतंय? बस हितं."

काकूंनी दप्तरात पाहिलं, आणि काकांनी त्यांना जुईचं वाक्य पुन्हा सांगितलं. मग दोघं पायरीवर बसून एकेक वही झटकू लागली. झटकता झटकता काका म्हणाले, "भूक लागली की खायचं, जुई. कुणाचं का असेना. घरी येऊन सांगायलाच पायजे असं पन न्हाय."

"आणि ती यात्रेला आली तर?" काकूंनी लगेच विचारलं.

"त्याच्यावरनं आपन मागनं भांडू. ती झोपल्यावर."

अजूनही भांडतात, आणि ती झोपायची वाट नेहमी बघतातच असं नाही. पण जुई आता दोघांच्या तोंडावर सांगते, की यात्रेतले पाळणे मस्त आणि आरती फार लांब. दोघांनाही हे अर्धंच आवडतं.

मला मात्र कधीकधी तिचा हेवा वाटतो. माझे आईबाप दुसऱ्यांच्या वाडीत सुपाऱ्या सोलून घरी येत आणि जेवता जेवता पेंगत. माझ्या डोक्यात काय शिरतंय हे विचारायला त्यांना सवडच नव्हती. परवा मी अलिबागच्या एसटीची वाट बघत उभी होते, तर काका सायकलवरून उतरले. माझ्या हातातल्या जाड पुस्तकाकडे त्यांनी रोखून पाहिलं. "काय शिकवतात गो तिकडं? सगळं लगेच खरं मानू नको," ते म्हणाले. एसटी आली, तरी ते उत्तराची वाट बघत थांबले होते.