दिनकरची मागे घेतलेली हरकत

गेल्या महिन्यात सकाळी ऑफिसात शिरत होतो आणि कोल्हापुरातून शोभावहिनींचा फोन आला. "जय भीम भावजी. हे गेले... पहाटे." मी 'बरं' म्हणालो. बरं! जिवाभावाचा दोस्त गेल्याचं ऐकून कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. फोन ठेवला आणि लक्षात आलं, ज्याच्याजवळ बसून दिनकरसाठी रडावं असा एक माणूस मला या पुण्यात नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही कोल्हापुरात इंजिनिअरिंगला एकत्र होतो. दिनकर मंगळवार पेठेतला. सरांनी फळाभर गणित सोडवलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, पटलं न्हाय." वर्ग फिदीफिदी हसायचा, सर चिडायचे, पण दोनदा तरी खडू खाली ठेवून "तुझं बरोबर आहे, बस" म्हणाले. माझी प्रेमपत्रंसुद्धा त्यानं तपासली होती. "ह्यातलं निम्मं खोटं हाय की रं!" होतंच.

पुढे मी पुण्यात कंपनीत लागलो, तो तिथंच कॉलेजात शिकवू लागला. दोन हजार सालानंतर, वायरलेस यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याचं एक मानक ठरत होतं. त्या समितीत आम्ही दोघंही होतो. मसुदा मतदानाला गेला. विरोधी मत द्यायचं तर कारण लिहून द्यावं लागतं, प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावं लागतं, आणि हरकत घेणाऱ्याचं समाधान झालं नाही तर ती सगळ्यांपुढे ठेवून पुन्हा मत घ्यावं लागतं. उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे होतं. हरकती ढीगभर, बहुतेक स्वल्पविरामाच्या. सगळ्या मिटल्या, एक उरली. कुणाची ते सांगायला नको.

मसुद्यात होतं, निरोप चार वेळा पाठवावा, पोचला नाही तर नाद सोडावा. दिनकरनं भावाच्या कबनूरच्या कापड-कारखान्यात चालू मागांच्या मध्ये यंत्रं ठेवून बघितलं होतं. "मोटारी, सगळीकडं लोखंड... चारात भागत न्हाय गड्या. सातव्याला पोचतंय." त्याचं बरोबर होतं, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. पण पुन्हा मतदान म्हणजे मंजुरी पुढच्या बैठकीवर जाणार, आणि माझं नाव पहिल्यांदाच मोठ्या लोकांपुढे येणार होतं. मी फोन केला. "दिन्या, माझ्यासाठी मागं घे." तो म्हणाला, "चालतंय की." मी लगोलग नोंद केली, हरकत मागे. मंजुरी मिळाली, टाळ्या पडल्या, मी शेकहँड करत फिरलो. आज लाज वाटते.

त्यानंतर आमचं भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं! मी घर घेतलं, नकाशा दाखवला, "चालतंय की." नोकरी बदलली, "चालतंय की." आमच्याकडे हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी, मी तो होकार धरून बसलो. सोयीचं होतं ना. माझ्या चुका काढणारा एकुलता एक माणूस गोड बोलायला लागला, आणि मी समजत होतो, वयानं निवळला.

त्याच्या जलदानविधीला कोल्हापूरला गेलो; विधी झाल्यावर त्याच्या खोलीत जाऊन बसलो. टेबलावर विद्यार्थ्यांच्या वह्या होत्या, लाल शाईनं भरलेल्या. 'का?' 'कशावरून?' 'हे कुठून आलं?' पानापानावर तेच... म्हणजे गडी निवळला नव्हता. फक्त माझ्यापुरता गप्प झाला होता. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा विचारलं, "वहिनी, तो माझ्यावर रागावला होता का हो?"

"राग न्हवता भावजी," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, मनात हाय ते सांगून टाका की त्यास्नी. तर म्हणायचे, त्यानं परत इचारलं की सांगतो."

एवढी वर्षं तो वाट बघत होता. मी 'पटलं का?' असं एकदासुद्धा विचारलं नाही.