मोज्यांच्या ड्रॉवरमधली कैरी

माझ्या मुलाने पिस्तूल घेतलं तेव्हा कारण म्हणून माझं वय पुढे केलं, हे मला बरंच उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर काही झालं असतं असंही नाही. त्या घरात माझं ऐकायची पद्धत नव्हती, माझ्या हातचं खायची होती.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्याचं घर. हे गेल्यावर मी तिकडे गेले ते नातीला सांभाळायला. मुलगा आणि सून दोघंही ऑफिसला जायचे, नात, आमची पिलू, चार वर्षांची. वस्ती अशी, की हरणं येऊन ट्यूलिपची फुलं खाऊन जातात हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. लोक रात्री गराजचं दार उघडं विसरायचे आणि सकाळी सायकली जागच्या जागी असायच्या.

त्याच्या हातात ग्रीन कार्ड आलं आणि महिन्याभरात त्याने पिस्तूल आणलं. जेवणाच्या टेबलावर काळी पेटी ठेवली आणि म्हणाला, "आई, घाबरू नकोस. सेफ्टीसाठी आहे."

"कोणापासून?" मी विचारलं.

"असं कोणापासून नसतं गं. जनरल."

सून ताटं मांडत होती. तिने ती पेटी एका हाताने बाजूला सरकवली आणि जागेवर लोणच्याची बरणी ठेवली. त्या विषयावर त्या घरात तिने एवढंच मत दिलं.

मग शनिवारी दुपारी त्याचे मित्र यायला लागले. आधीही यायचे, पण आधी क्रिकेट आणि घरांच्या किमती चालायच्या. आता नुसती पिस्तुलं. त्यातला एक नागपूरचा, तिथला जुना, त्याच्याकडे तीन होती. तो शर्ट एक साइझ मोठा घालायचा आणि बाहेर सोडायचा, कमरेचं दिसू नये म्हणून. पण दिसावं असंही त्याला वाटत असणार, कारण सोफ्यावर बसताना दर वेळी हात मागे नेऊन शर्ट खाली ओढायचा. आपल्याकडची एखादी बाई नवं मंगळसूत्र सारखं नीट करत बसते ना, तसं. महिन्याभराने माझ्या मुलाचेही शर्ट बाहेर आले.

वाद ठरलेला. रिव्हॉल्व्हर बरं की ऑटोमॅटिक.

"रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही," नागपूरकर म्हणायचा. "दहा वर्षं पडलेलं काढ, चालवून पाह्य."

"पण पाच गोळ्या, यार," माझा मुलगा. "पाचात काय होतं?"

मी भज्यांची ताटली ठेवता ठेवता म्हटलं, "पाच पुरत नाहीत म्हणजे किती जण यायचेत आपल्याकडे? आकडा सांगा, तेवढ्या पोळ्या लाटून ठेवते."

हसले सगळे. काकूंचा सेन्स ऑफ ह्यूमर भारी आहे, असं म्हणाले, आणि पुन्हा गोळ्यांच्या मापांवर गेले, नाइन एमएम की फोर्टी-फाइव्ह. एकाला एक हातात बसत नाही, दुसऱ्याला दुसऱ्याचा धक्का सोसत नाही. कासाराकडे बांगड्या भरायला बसल्यासारखे एकमेकांचे पंजे धरून बघायचे. दर वेळी एक तरुण मुलगा असायचा, व्हिसावरचा, त्याला अजून पिस्तूल घ्यायची परवानगी नव्हती. दुसऱ्याचं लग्न बघावं तसा तो तोंड करून बसायचा.

एका शनिवारी त्या तरुणाने माझ्या मुलाला विचारलं, "तुम्ही काय, रोज कॅरी करता?"

मी स्वयंपाकघरातून ऐकलं ते कैरी. आत्ता ऑक्टोबरात कसली कैरी, असं मनाशी म्हणत मोठ्याने सांगितलं, "अरे, फ्रीझरमध्ये आहेत की फोडी. लोणचं करू का थोडं?"

काय हसले. नागपूरकराने तर डोळे पुसले. "काकू, ही खायची कैरी नाही ना. अंगावर पिस्तूल घेऊन फिरणं, त्याला इथे कॅरी म्हणतात." मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते, त्या दिवशी.

तो शब्द त्यांनी उचलला. "काय, आज कैरी आणली का?" "माझी कैरी दुरुस्तीला आहे." माझ्या मुलाला तो फारच सोयीचा वाटला. म्हणाला, "बरं झालं आई, पिलूसमोर पिस्तूल हा शब्द नको होताच. आता कैरी म्हणू. तिला काही कळणार नाही." मग पिलू मांडीवर बसलेली असताना सगळं बोलणं व्हायचं. कैरी कुठे ठेवतोस? वर, मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये. भरलेली? ऑफ कोर्स.

मी त्याला एकच गोष्ट मागितली होती, कुलूप. घरात लहान मूल आहे, कुलुपात ठेव. तो म्हणाला, "अगं, कुलूप लावलं तर वेळेला हाताशी कसं येणार? एक्सपर्ट लोक सांगतात, भरलेलं आणि जवळ." कोण हे एक्सपर्ट, ते मला लवकरच दिसलं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढे ब्लाउज शिवत गेले आणि इंग्रजी मी कपड्यांच्या पॅटर्नवरच्या सूचनांचा अर्थ लावून लावून शिकले. डब्लिनला दुपारी पिलू झोपली की मी कॉम्प्युटरवर मराठी पेपर वाचायची. एकदा मुलाचं पान उघडंच राहिलं होतं. पिस्तूलवाल्यांचं मंडळ होतं ते, सगळ्या अमेरिकेतले लोक तिथे लिहायचे. चेहरा कोणाचाच नाही. फोटोच्या जागी पिस्तूल, शेजारी घड्याळ, सुरी, टॉर्च, पाकीट, सगळं देवापुढे मांडल्यासारखं ओळीत. आणि नावाखाली स्वतःकडे कोणकोणती आहेत त्याची यादी, पत्रिकेत काका-मामांची नावं छापतात तशी.

माझ्या मुलाचाही फोटो होता. पिस्तूल, घड्याळ, गाडीची किल्ली. आणि खाली पसरलेली गोधडी माझी. पिलूसाठी तिच्या आजोबांच्या शर्टांची शिवलेली. एकाने खाली लिहिलं होतं, छान ब्लँकेट.

त्याने तिथे प्रश्न विचारला होता. मी डिक्शनरी घेऊन सावकाश वाचला. माझी वृद्ध आई दिवसभर घरी एकटी असते, लहान मुलगी असते, आईला सांधेदुखी आहे, तर तिलाही चालवता येईल असं कोणतं पिस्तूल घ्यावं?

पानभर उत्तरं होती. कोणी लिहिलं, रिव्हॉल्व्हर, म्हाताऱ्या बायकांना सोपं. त्यावर दुसरा तुटून पडला, की रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, तिचं बोट ओढू शकणार नाही. तिसरा म्हणाला, तिच्या मनगटात ताकद नसेल तर ऑटोमॅटिक अडकेल. आई किती उंच आहे, चष्मा आहे का, असंही एकाने विचारलं होतं आणि माझ्या मुलाने उत्तर दिलं होतं. पाच फूट, चष्मा आहे, घाबरट आहे पण शिकेल.

कधी न पाहिलेले ते सगळे पुरुष माझ्या बोटांवर भांडत होते. ज्या बोटांनी मी आत्ता दोन वाट्या डाळ वाटली होती. मला मात्र एकानेही विचारलं नव्हतं, पोटच्यानेसुद्धा नाही.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "माझं मनगट कसं आहे ते मला विचारायचंस."

"तू माझं वाचलंस?" त्याला राग आला तो त्याचा. "आई, तिथे तसंच लिहावं लागतं. नुसतं हौस म्हणून घेतोय म्हटलं तर लोक सीरियसली घेत नाहीत."

म्हणजे हौसच होती. मी म्हणजे तिला लावलेलं ठिगळ.

एप्रिलमध्ये देशी दुकानात खऱ्या कैऱ्या आल्या. सुनेने सकाळी पिशवीभर आणल्या आणि घाईत जिन्यापाशी ठेवून ती ऑफिसला गेली. पिलूला मीठ-तिखट लावलेली कैरी जीव की प्राण. दुपारी मी कणीक मळत होते, हात भरलेले. ती मागे लागली, "आजी, आय अॅम हंग्री." मी म्हटलं, "जा, कैरी घेऊन ये, फोडी करून देते."

पावलं जिन्यावर वाजली. वर कशाला गेली, एवढं माझ्या मनात येतंय तोवर ती खाली यायलाही लागली होती, बसून बसून, एकेक पायरी. दोन्ही हातांत ते धरलेलं. नळीचं तोंड कोणत्या बाजूला होतं ते मी सांगत नाही.

"आजी, इट्स सो हेवी," ती म्हणाली. "बाबाची कैरी."

मी ओरडले नाही. दचकली असती ती. मी म्हटलं, "हुशार माझी बाय. आता तिथेच पायरीवर ठेव, हळू, अंडं ठेवतात तसं. आणि माझ्याकडे ये." तिने ठेवलं. किती नीट ठेवलं. मग माझ्या कणकेच्या हातांत आली आणि विचारलं, "मीठ लावणार ना?"

मला त्या वस्तूला हात लावायचा धीर झाला नाही. मोठं पातेलं आणून त्यावर पालथं घातलं आणि पोरीला घेऊन सपातांवरच अंगणात गेले. सून येईपर्यंत तीन तास आम्ही बाहेर होतो. थंडी होती. मी तिला पदरात घेऊन गाणी म्हटली, कुठली ते आठवत नाही.

मुलगा आला. पातेलं उचललं, पिस्तूल रिकामं केलं, गोळ्या खिशात टाकल्या. आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"तू तिला कैरी आण असं म्हणालीसच कशाला?"

मी म्हटलं, "हो. मी म्हणाले. चूक झाली. ती मी जन्मभर विसरणार नाही. आता तुझी सांग."

सून भिंतीला टेकून रडत होती. मी म्हटलं, "ते या घरातून जाईल, नाहीतर मी."

"आई, ड्रामा नको. मी लॉकबॉक्स आणतो."

त्याने तो आणला, मी नाकारत नाही. बोट लावून उघडणारा. पण आणायच्या आधी मंडळात विचारलं, कोणता चांगला. ते मी मुद्दाम उघडून वाचलं, आता मला लाज उरली नव्हती. लिहिलं होतं, माझ्या आईच्या निष्काळजीपणामुळे मुलीच्या हातात पिस्तूल गेलं, सुदैवाने काही झालं नाही. ड्रॉवरचा उल्लेख नाही, भरलेल्या गोळ्यांचा नाही. खाली सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. तू जबाबदार बाप आहेस, वडीलधाऱ्यांना शिकवणं अवघड असतं. एकाने सल्ला दिला होता, म्हाताऱ्या माणसांवर मूल सोपवू नकोस.

तो त्याने मानला. पंधरा दिवसांत पिलूला डे-केअरमध्ये घातलं आणि मला म्हणाला, "तुलाही ताण होतोय इथे. थोडे दिवस पुण्याला जाऊन ये." तिकीट एका बाजूचं होतं. सूनबाईने निघताना माझे पाय धरले ते सोडेना.

याला आता दीड वर्ष झालं. मी पुण्यात आहे. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी विचारते, पेटी बंद आहे ना? तो म्हणतो, "अगं हो, किती वेळा." हल्ली तो फोन पिलूकडेच देतो. ती आता शाळेत जाते, मराठी कमी झालंय, माझं तिला समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं.

गेल्या रविवारी म्हणाली, "आजी, बाबा गॉट मी माय ओन. इट्स पिंक. माझ्या साइझचं."

मी विचारलं, "काय गं बाळा, सायकल?"

"नो. इट्स नॉट हेवी लाइक बाबाज." मागे कोणीतरी काही म्हणालं. "आय कान्ट टेल यू. बाबा म्हणतो, आजीला कळत नाही."

मी म्हटलं बरं, आणि शाळेत आज काय काय झालं ते विचारलं. तिने ते सगळं सांगितलं.